मुळेच्या उगमाकडे : उतारवयातील डोंगरवाट आणि खेड्यातील मुक्काम

राहुरीच्या माणसाला मुळा नदीची ओळख करून द्यावी लागत नाही. बारागाव नांदूरच्या धरणात अडवलेले तिचे पाणी आपल्या उसाला, कांद्याला आणि घरातल्या हंड्याला पुरते. ज्ञानेश्वर सागर हे त्या जलाशयाचे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही नदी निघते कोठून, हे पाहायला आपल्यापैकी किती जण गेले असतील? माझ्या आईने वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हाच प्रश्न विचारला. दोन्ही गुडघे कुरकुरणारे, रक्तदाबाची गोळी रोजची, मधुमेह पंधरा वर्षांचा. "मला एकदा मुळेचे माहेर पाहायचे आहे," ती म्हणाली, आणि घरात दोन तट पडले. धाकटा भाऊ म्हणाला, या वयात डोंगर कशाला? मी गप्प राहिले, कारण भीती मलाही वाटत होती.

वाचकहो, हा प्रसंग आपल्याही घरी घडला असेल. ज्येष्ठांची इच्छा आणि सांभाळणाऱ्यांची काळजी यांत बहुतेक वेळा काळजी जिंकते. ज्येष्ठ व्यक्ती खुर्चीत बसून राहते आणि बसून राहिल्याने पायांतले बळ आणखी कमी होते. याउलट तयारी न करता, केवळ हौसेपोटी निघणेही तितकेच घातक आहे. या दोहोंमधला मार्ग कसा काढावा, याचा विचार या लेखात करू.

आडवाटच का?

मुळा आणि प्रवरा या दोन्ही नद्या आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील सह्याद्रीत जन्म घेतात. प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरात, तर मुळेचे पाणलोट हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगांत. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. राहुरीहून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता धरला की सुमारे अर्ध्या दिवसात आपण पर्जन्यछायेतून थेट सह्याद्रीच्या माथ्याशी पोहोचतो.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. अशा गर्दीत ज्येष्ठांचे हाल होतात. बसायला जागा नसते, स्वच्छतागृहापाशी रांग असते, मागून धक्का बसण्याचे भय असते आणि तरुण मंडळींच्या वेगाशी जुळवून घेण्याचे दडपण असते. आडगावातील घरगुती मुक्कामात यांतले काही नसते. सकाळी आपल्या गतीने चालावे, दुपारी पडवीत आडवे व्हावे, संध्याकाळी पुन्हा थोडे फिरावे. दमल्यावर परतायला घर दोन हाकांच्या अंतरावर असते. म्हणून उतारवयात एका दिवसाची धावती सहल टाळून, एकाच गावात दोन-तीन रात्री राहणे अधिक मानवते.

उंचीच्या बाबतीत एक गैरसमज आधी दूर करू. हिमालयात होणारा विरळ हवेचा त्रास साधारणतः २५०० मीटरच्या पुढे जाणवतो. आपला सह्याद्री त्याहून बराच ठेंगणा आहे. इथे धाप लागली, तर दोष हवेला देऊ नये. ती हृदयाची, फुप्फुसांची किंवा सरावाच्या अभावाची खूण असू शकते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आधी स्वतःची परीक्षा

पायांतील बळ घरीच मोजता येते. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या सरळ खुर्चीवर बसा, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर ठेवा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजा. जवळ कोणीतरी उभे असावे. ७० ते ७४ या वयोगटात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पडण्याचा धोका अधिक मानला जातो. वय वाढते तसा हा आकडा थोडा खाली येतो. आईची संख्या पहिल्या दिवशी आठ आली. भाऊ म्हणाला, "पाहिलेस?" पण या चाचणीतून कळते ते एवढेच की आजची तयारी किती आहे आणि सराव कोठून सुरू करायचा.

यानंतरची पायरी डॉक्टरांची. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका आलेला असेल, अँजिओप्लास्टी वा कोणती शस्त्रक्रिया झाली असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, वारंवार तोल जात असेल, तर त्यांच्या परवानगीवाचून बेत आखू नये. डॉक्टरांना "फिरायला जाऊ का?" असे मोघम विचारू नका. "रोज दोन तास, चढ-उताराच्या पायवाटेने, सलग दोन दिवस चालायचे आहे," असे नेमके सांगा. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके मिळते.

मग किमान आठ आठवडे सराव. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम जोडायला सांगते. मध्यम गती ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. पहिले दोन आठवडे सपाट रस्ता, पुढे जिन्याच्या पायऱ्या, शेवटी छोटा चढ. राहुरीकरांना वांबोरीच्या बाजूचा गोरक्षनाथ गड अशा सरावाला सोयीचा आहे. ओट्याला हात धरून टाचा उचलणे आणि एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, हे दोन व्यायाम स्वयंपाकघरातही होतात. आठ आठवड्यांनी आईची संख्या अकरावर गेली. त्या दिवशी भावाने स्वतःहून तिच्यासाठी बूट आणले.

बुटांविषयी एक सूचना : नवे बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नये. निदान तीन आठवडे ते सरावात वापरावेत. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, फोड आलेला कळतही नाही. रोज रात्री सांभाळणाऱ्याने दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत.

कोठे जावे?

पहिल्या खेपेला अगदी सोपे ठिकाण निवडावे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर थेट वाहनाने गाठता येते. कोरीव कामाने नटलेले ते देऊळ, शेजारची पुष्करणी आणि मागे रतनगड. गड चढण्याचा हट्ट न धरता गावाच्या शिवारात तासभर फिरावे. घाटघरच्या कोकणकड्यापर्यंतही वाहन जाते. साम्रदजवळची सांदण दरी मात्र मोठमोठ्या शिळांवरून उतरण्याची आहे. ज्येष्ठांनी ती वरूनच पाहावी.

मुळेच्या खोऱ्यातील पुरुषवाडी हे गाव ग्रामपर्यटनासाठी आणि काजव्यांसाठी ओळखले जाते. गावकऱ्यांच्या घरी जेवण, शेतातून फेरफटका, असा तिथला क्रम. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. गुडघेदुखी किंवा भोवळ असणाऱ्यांनी पायथ्याच्या बारी गावात राहावे, शिखराला तिथूनच नमस्कार करावा.

हरिश्चंद्रगडाच्या अनेक वाटांपैकी पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी समजली जाते. सवयीच्या माणसाला वर पोहोचायला अडीच-तीन तास लागतात, ज्येष्ठांना याच्या दुपटीने धरावेत. वर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आहे. योगी चांगदेवांनी इथे तप केले आणि 'तत्त्वसार' रचला, अशी परंपरा सांगते. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या थंडगार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालण्याची अनेकांना हौस असते. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी घामेजल्या अंगाने त्या पाण्यात उतरू नये, कारण अचानक लागलेल्या थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब झपाट्याने वाढतो. देवदर्शन काठावरूनही होते. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने वनखात्याचे नियम पाळावे लागतात.

ऋतूंचा विचार असा : जून ते ऑगस्ट या काळात मुसळधार पाऊस, धुके आणि शेवाळलेले दगड. हा काळ ज्येष्ठांसाठी नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबरात रानफुले असतात, पण वाटा ओल्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत अनुकूल, मात्र रात्रीच्या थंडीत दमेकऱ्यांनी कान-छाती झाकून ठेवावी. मार्चनंतर दुपारचे ऊन आणि पाण्याची टंचाई. काजव्यांचे दिवस मेअखेर ते जून असतात, तेव्हा अंधारात दूर न जाता अंगणातूनच ती शोभा पाहावी.

घर निवडताना

राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये मंजूर झाले आणि पर्यटन विभागाकडे अशा केंद्रांची नोंदणी होऊ लागली. नोंदणी आहे का, हे विचारावेच. पण ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी नोंदणीपत्रात नसतात. त्यासाठी यजमानांना आधी दूरध्वनी करून पुढील प्रश्न विचारावेत.

वाहन दारापर्यंत येते का, की शेवटचे अंतर चालावे लागते? झोपण्याची खोली तळमजल्यावर आहे का? खाट गुडघ्याइतकी उंच आहे का? जमिनीवरच्या अंथरुणातून उठणे अनेकांना जमत नाही. स्वच्छतागृह घरात आहे की अंगणापलीकडे? बैठक कोणत्या पद्धतीची? खाली बसण्याचे असल्यास घडीची कमोड-खुर्ची बरोबर घ्यावी, ती गाडीच्या डिकीत सहज मावते. स्वयंपाक चुलीवर होत असेल, तर धूर झोपण्याच्या खोलीत येतो का? दमा वा जुना खोकला असणाऱ्यांना डोंगरापेक्षा हा धूर अधिक छळतो. रात्री वीज जाते का? भ्रमणध्वनीची रेंज कोठे मिळते? आणि गावात रात्री-अपरात्री वाहन काढणारे कोणी आहे का?

या घरांतील जेवण साधे आणि पचायला हलके असते : नागलीची भाकरी, तांदळाचा भात, वालाची किंवा रानभाजीची भाजी. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची पेढी उभारली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्या मातीतले धान्य ताटात येते, हेही या मुक्कामाचे सुख आहे. मात्र तिखट-मीठ किती हवे हे आधीच सांगावे. नागली आरोग्यदायी असली तरी तिच्यातही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात, म्हणून मधुमेहींनी भाकरी मोजूनच खावी. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

यजमान बहुधा महादेव कोळी आदिवासी कुटुंबे असतात. त्यांच्यासाठी हा उत्पन्नाचा मार्ग आहे. दरात घासाघीस करू नये आणि घरात न विचारता छायाचित्रे काढू नयेत. आपण नेलेले प्लास्टिक आपणच परत आणावे.

औषधांचा डबा

ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची जास्त औषधे घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागावीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी अडत नाही. एका जाड कागदावर व्यक्तीचे नाव, आजार, औषधे, मात्रा, ॲलर्जी आणि घरचा क्रमांक लिहून तो खिशात ठेवावा.

लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी घामाने लवकर कमी होते. गोळी स्वतःहून बंद करू नये, ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागो न लागो, दर वीस मिनिटांनी चार घोट पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंड कमकुवत असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी कुपी गाडीत उन्हात ठेवू नये आणि बर्फालाही चिकटवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या छोट्या भांड्यात, प्लास्टिकच्या डबीत ठेवून ती नेता येते. अधिक चालल्याने साखर त्याच दिवशी नव्हे, तर रात्रीही उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ अशी लक्षणे दिसताच साखर तपासावी. ती ७० पेक्षा कमी असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपलेली असल्यास तोंडाने काहीही देऊ नये.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला किरकोळ मार लागला, तरी 'काही झाले नाही' म्हणून थांबू नये, रुग्णालय गाठावे.

वाटेवर

सूर्योदयानंतर लगेच निघावे, अकराच्या आत परतावे. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा आणि सर्वांत हळू चालणाऱ्याला सर्वांच्या पुढे ठेवावे, म्हणजे गती आपोआप त्याची होते. दोन्ही हातांत काठ्या असाव्यात. चढताना त्या आखूड, उतरताना लांब. गुडघ्यांवर खरा भार चढताना नव्हे, उतरताना पडतो आणि बहुतेक घसरणीही तेव्हाच होतात. म्हणून चढण्यात शक्तीचा तिसरा हिस्साच खर्चावा, बाकीची परतीसाठी राखावी.

परतीची वेळ घरूनच ठरवून निघावे. ती वेळ झाली की समोर कळस दिसत असला तरी मागे फिरावे. छातीत दुखणे, दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, थंड घाम, भोवळ, यांतले काहीही जाणवले तर तिथेच बसावे, चालत उतरण्याचा आग्रह धरू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते, पण डोंगरात रेंज नसते. म्हणून राजूर आणि अकोले येथील ग्रामीण रुग्णालयांचे अंतर आणि रस्ता यजमानांकडून आधीच समजून घ्यावा. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे हे सारे टाळावे. तो अवयव न हलवता रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.

रात्रीची काळजी वेगळी. परक्या घरात ज्येष्ठ व्यक्ती लघवीसाठी उठली की दिशा चुकते. उशाशी विजेरी, दारापर्यंत मंद दिवा आणि पायात बंद चपला असाव्यात. स्मृतिभ्रंश असणाऱ्यांना जागा बदलली की संध्याकाळी गोंधळायला होते. त्यांच्यासाठी मुक्काम एकाच रात्रीचा ठेवावा, घरची चादर आणि उशी बरोबर न्यावी, जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

सांभाळणाऱ्यांनाही विश्रांती हवी. शक्य तर बरोबर दोघे असावेत, म्हणजे एक जण पहाटे एकटा फिरून येऊ शकतो. प्रवासखर्चाचा भारही तसा मोठा नाही. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही निम्मीच आकारणी आहे.

आम्ही कोठवर गेलो?

डिसेंबरात आम्ही पाचनईला दोन रात्री राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. परतीची वेळ साडेनऊ ठरली होती. आई आमच्या पुढे, दर पंधरा मिनिटांनी थांबत, दगडावर टेकत चालली होती. नवाच्या सुमारास कातळाखालची वाट ओलांडून आम्ही ओढ्यापाशी पोहोचलो. वाटाड्या म्हणाला, ही मंगळगंगा, गडावरून येते आणि खाली मुळेला मिळते. आईने काठी माझ्याकडे दिली, वाकून ओंजळभर पाणी घेतले आणि डोळ्यांना लावले. वर गड अजून बराच होता. भाऊ म्हणाला, "आणखी अर्धा तास जाऊ या का?" या खेपेला पुढे जाण्याचा आग्रह त्याचा होता. आईनेच घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "साडेनऊ ठरले होते ना?"

आम्ही वळलो. उतरताना तिचा डावा गुडघा दुखू लागला, घर गाठायला दोन तास लागले. दुपारी यजमानबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली आणि दोघी पडवीत बसून वाल सोलत राहिल्या. गडावर जाता आले नाही, याची खंत तिने एकदाही बोलून दाखवली नाही. राहुरीला परतल्यावर धरणाच्या रस्त्याने जाताना मात्र तिने गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

आता ती रोज पहाटे खुर्चीतून उठाबशा मोजते. परवा बारा झाल्या. आपल्या घरातही असा एखादा प्रश्न कोणी विचारला असेल, तर लगेच नकार देऊ नका आणि लगेच गाडीही काढू नका. आधी भिंतीला खुर्ची टेकवा आणि मोजायला सुरुवात करा.